पागडी, पावती आणि पत्ता
भाड्याच्या, चाळीतल्या आणि छोट्या घरांत राहणाऱ्यांसाठी प्रश्नोत्तरं

आधी एक विनंती, पुन्हा एकदा: पत्रासोबत मूळ कागद पाठवू नका. गेल्या खेपेला एका आजोबांनी १९६० च्या दशकातल्या भाडेपावत्या तारेला ओवलेल्या तशाच पाकिटात घालून धाडल्या. त्या पावत्या म्हणजे त्यांचं घर आहे, आणि ते घर साध्या टपालानं माझ्या टेबलावर आलं. परत पोचवल्यात. झेरॉक्स पाठवा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून पाठवा. पत्र लिहिणाऱ्यांची नावं इथे छापत नाही, कारण हे पान घरमालकही वाचतात.

दुसरं, बीडीडी चाळींबद्दल, म्हणजे मुंबईतल्या जुन्या सरकारी चाळींच्या पुनर्विकासाबद्दल, बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून थोडक्यात. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही माणसं ५०० चौरस फुटांत गेली. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्यांनी वरळीकरांना घर कसं आहे हे विचारण्याआधी महिन्याचा मेंटेनन्स किती पडतो ते विचारावं. लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक हे चाळीत नव्हतं, आता आहे आणि त्याचं बिल येतं. घर मिळाल्याच्या आनंदात हा हिशेब मागे पडतो.

आता पत्रं.

ताई, मी नालासोपारा पूर्वेला वन रूम किचनमध्ये भाड्यानं राहते. पोळीभाजी केंद्रात काम करते, घरी दोन मुलं. भाडं ७,५००, डिपॉझिट ४०,०००. एजंटनं ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून दिली. म्हणाला, अकरा महिन्यांचं असलं की रजिस्टर करावं लागत नाही. अजून चार महिने बाकी आहेत आणि मालक म्हणतात, पुतण्याचं लग्न आहे, महिनाअखेर खोली खाली करा. डिपॉझिटमधून रंगाचे १५,००० कापणार म्हणतात. नाही गेलात तर कुलूप लावीन म्हणाले. माझ्याकडे नोटरीची नुसती झेरॉक्स आहे. माझं काही चालेल का?

चालेल. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरंच चालेल.

ही अकरा महिन्यांची कथा विरारपासून पनवेलपर्यंतचा प्रत्येक एजंट सांगतो. तिचा उगम नोंदणी कायद्यात आहे: वर्षापेक्षा कमी मुदतीचा भाडेपट्टा असेल तर त्या कायद्यानं नोंदणी सक्तीची नाही. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याचं कलम ५५ म्हणतं की लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर राहायला देण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदत अकरा महिने असो नाहीतर पाच वर्षं. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तुमच्या कामाचा भाग याच्या पुढे आहे. नोंदवलेला करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. म्हणजे ज्या कच्च्या कागदामुळे तुम्ही घाबरलात, तो मालकाला जास्त अडचणीचा आहे. रंगाचे पैसे कापायचं ठरलंच नव्हतं असं तुम्ही म्हणालात, तर ठरलं होतं हे त्यांना दाखवावं लागेल.

कुलूप लावायचा अधिकार त्यांना नाही. मुदत संपल्यावरसुद्धा मालकानं याच कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा घ्यायचा असतो. भिंत त्यांची असली तरी आत राहणाऱ्याला असं बाहेर काढता येत नाही. धमकी तोंडी आहे, ती आधी लेखी करून घ्या. मालकांना व्हॉट्सअॅपवर साध्या शब्दांत लिहा: ‘दादा, तुम्ही काल म्हणालात की महिनाअखेर खोली सोडा नाहीतर कुलूप लावीन. आपलं अमुक तारखेपर्यंत ठरलं आहे. तोवर मी भाडं वेळेवर देत राहीन.’ भांडणाची भाषा नको. उत्तर आलं तर तो पुरावा, निळ्या खुणा झाल्या आणि उत्तर नाही आलं तर तोही उपयोगाचा. मग त्या संदेशाची प्रत जोडून पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच, तारीख, शिक्का घ्या. हवालदार म्हणेल, हे दिवाणी प्रकरण आहे. म्हणू दे. तुम्हाला शिक्का हवा आहे.

डिपॉझिट कसं दिलं होतं ते पत्रात नाही. सगळं रोख दिलं असेल तर नोटरीच्या कागदावर रक्कम लिहिली आहे का बघा. थोडं जीपेनं दिलं असेल तर बँकेचं स्टेटमेंट आजच काढून ठेवा. खोली सोडाल त्या दिवशी, सामान बाहेर गेल्यावर, चारही भिंती, ओटा, मोरी, नळ आणि पंखा चालू करून व्हिडिओ घ्या. मीटरचा आकडा वाचता येईल असा वेगळा फोटो काढा. शेवटचं वीजबिल भरल्याची पावती घ्या. चावी देताना समोरून मेसेज मागा, ‘चावी मिळाली’ एवढाच. रोजच्या वापरानं रंग मळणारच, तो खर्च राहणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. दार मोडलं, बेसिन फुटलं तर गोष्ट वेगळी.

पैसे अडवले तर वकिलाची फी कुठून आणू, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तसं लिहिलं आहे. वसईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे आधारकार्ड आणि कागदांच्या प्रती घेऊन जा, किंवा आधी १५१०० वर फोन करा. दावा टाकण्याआधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवा असा अर्ज द्या. कोर्ट फी लागत नाही, आणि तिथे तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या निकालाची, ताकद असते. चाळीस हजारांसाठी वर्षानुवर्षं तारखा घेण्यापेक्षा हे बरं.

एक धोका मात्र सांगून ठेवते. रागाच्या भरात मुदत संपल्यावरही खोली अडवून बसू नका. कलम २४ खाली मुदत संपल्यानंतरच्या काळाचं शुल्क दुप्पट लागतं. शेजारीण सांगेल, ‘बसून राहा, कोण काढतंय.’ पैसे तिच्या खिशातून जात नाहीत.

आणि पुढच्या खोलीचा करार नोंदवूनच घ्या. खर्चाचा बाऊ करतात म्हणून हिशेब देते. अकरा महिन्यांचं भाडं ८२,५००. त्यात ४०,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी अकरा महिन्यांचं मानीव व्याज, ३,६६७. बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्यूटी, म्हणजे तीनशेच्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. वर ऑनलाइन दस्त हाताळणीचे थोडे. बाकी जे एजंट घेतो ती त्याची मजुरी. आधार असलं की अंगठा घरी बसूनही लावता येतो, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत रांग लावायची गरज नाही.

ताई, आमची लालबागला पागडीची, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्यानं घेतलेली, खोली आहे, साधारण १२० चौरस फूट. भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर. आजोबा गेले, मागच्या वर्षी वडीलही गेले. मी आणि आई तिथेच राहतो, बहीण लग्न होऊन कराडला. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार अशी चर्चा आहे आणि मालकाच्या मेहताजींनी (भाडं गोळा करणाऱ्या कारकुनांनी) आमचं भाडं घेणं बंद केलं. म्हणतात, पावती तुमच्या नावावर नाही, नाव चढवायचं तर पाच लाख द्या. चाळीतले दोघे देऊन मोकळे झाले. आम्ही काय करावं?

देऊ नका. निदान हे पुरतं वाचून होईपर्यंत तरी देऊ नका.

मालकाच्या मेहताजींनी दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे. तुम्ही खोली तिसऱ्या माणसाला विकली असती तर मालकानं आपला वाटा मागितला असता, आणि १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ नं असा पैसा घेणं-देणं कायदेशीरही केलं आहे. मालकाचा तेहतीस टक्के वगैरे वाटा ही बाजारातली प्रथा, कायद्यात आकडा नाही. पण तुमच्याकडे विक्री झालेलीच नाही. वडील गेले आणि त्यांच्यासोबत राहणारं कुटुंब मागे राहिलं. कलम ७(१५)(ड) प्रमाणे भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. असे एकापेक्षा जास्त असतील आणि आपसांत जमत नसेल तर कोर्ट ठरवतं. यासाठी मालकाला नजराणा देण्याची गरज नाही. पावतीवर नाव चढवणं हे मालकाचं काम आहे, मेहेरबानी नव्हे.

तुमच्या घरात दोन पायऱ्या आहेत, आजोबांकडून वडील आणि वडिलांकडून तुम्ही. दोन्ही जोडून दाखवा. आजोबांचा मृत्यूदाखला, त्या काळातलं वडिलांचं त्याच पत्त्यावरचं रेशनकार्ड किंवा मतदारयादीतलं नाव. मग वडिलांचा मृत्यूदाखला आणि आईचे-तुमचे तेच कागद. शाळा सोडल्याचा दाखला बऱ्याच वेळा हाताशी येतो, त्यावर पत्ता नसला तरी शाळेच्या रजिस्टरात असतो. एलआयसीची जुनी पॉलिसी, गॅसचं पुस्तक, गिरणीतलं ओळखपत्र, काही टाकू नका. लालबाग-परळच्या घरांत हे सगळं पोटमाळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत असतं आणि रिडेव्हलपमेंटची बातमी आली की आधी पोटमाळाच रिकामा होतो, भंगारवाला तीनशे रुपये देतो. ट्रंक आधी मला दाखवल्यासारखी उघडा, एकेक कागद बाजूला काढा.

आता भाडं. मेहताजी घेत नाहीत म्हणून गप्प बसणं हीच त्यांना हवी असलेली चाल आहे. उद्या ‘भाडं थकलं’ म्हणून तेच नोटीस देतील. दर महिन्याला भाडं मनीऑर्डरनं पाठवा. संदेशाच्या जागी खोली नंबर आणि महिना लिहा. घेतलं तर पावती मिळाल्यासारखंच; नाकारलं तर परत आलेल्या मनीऑर्डरवरचा ‘घेण्यास नकार’ हा शेरा जपा. भाडेकरू भाडं द्यायला तयार असेल तोवर त्याला भाड्यासाठी काढता येत नाही, कलम १५ तेच सांगतं. थकबाकीचा दावा लावायचा तरी मालकानं आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं. आणि घेतलेल्या भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, कलम ३१ नुसार न दिल्यास दंड आहे. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात मी अनेक खटले असे पाहिलेत, जिथे भाडेकरूच्या बाजूनं सगळ्यात बोलका साक्षीदार ठरली ती सतरा रुपये ऐंशी पैशांची परत आलेली मनीऑर्डर.

एवढा खटाटोप कशासाठी, ते आकड्यात सांगते. उपकरप्राप्त इमारतीचा (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीचा) पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली झाला तर पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, आत्ताची खोली १२० ची असली तरी. तुमची इमारत ३० सप्टेंबर १९६९ च्या आधीची आणि उपकर भरणारी आहे ना, याची खात्री म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात करून घ्या. आर. आर. बोर्ड म्हटलं की चाळीत कुणीही रस्ता दाखवेल. पात्र भाडेकरूंची यादी तिथेच प्रमाणित होते. मालकानं दिलेल्या यादीत तुमचं नाव नसेल, तर वरचे सगळे कागद जोडून मंडळाकडे लेखी हरकत आत्ताच नोंदवा, बिल्डर नेमला जाण्याची वाट पाहू नका. सोबत मालकाला, पोच मिळेल अशा टपालानं, पावती आईच्या आणि तुमच्या नावे करण्याची मागणी करणारं पत्र. त्यानंतरही नाहीच ऐकलं तर लघुवाद न्यायालयात भाडेकरूपण जाहीर करून मागणारा दावा.

बहिणीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण ओळीओळीत ती दिसते आहे. वडील गेले तेव्हा ती तिथे राहत नव्हती, तेव्हा भाडेकरूपण आधी तुमच्याकडे आणि आईकडे येतं. तरीही तिचं लेखी संमतीपत्र आत्ता, संबंध गोड असताना घ्या. टॉवर उभा राहिल्यावर मेहुणे बोलायला लागतात. आणि तिला काही द्यायचं मनात असेल तर ते वेगळं द्या, उघड द्या.

पाच लाख देऊन मोकळे झालेल्या त्या दोन कुटुंबांना हे पान दाखवा. त्यांनी कशाबद्दल पैसे दिले हे लिहून तरी घेतलंय का?

आम्ही चेंबूरच्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) प्रकल्पातले. झोपडी पाडली, बिल्डरनं दोन वर्षं ट्रान्झिट भाडं, म्हणजे नवं घर होईपर्यंत बाहेर राहण्याचं भाडं, दिलं, नंतर दोन चेक परत आले. आता फोनही उचलत नाही. सोसायटीचे पदाधिकारी म्हणतात, कळ काढा. आमचं नाव परिशिष्ट-२ मध्ये पात्र आहे.

परिशिष्ट-२, म्हणजे पात्र झोपडीधारकांची अधिकृत यादी; तिच्यात पात्र असणं ही तुमची मोठी जमेची बाजू. त्या पानाची प्रमाणित प्रत घरात ठेवा.

परत आलेल्या चेकला मुदत असते, म्हणून आधी तेच. बँकेनं परतीचा मेमो दिला त्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत बिल्डरला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस. तरी पैसे नाहीत तर पुढच्या महिन्याभरात चेक न वटण्याबद्दलच्या कलम १३८ खाली (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा) फौजदारी तक्रार. मेमोची तारीख जुनी असेल आणि चेकची तीन महिन्यांची मुदत अजून बाकी असेल, तर चेक पुन्हा बँकेत टाका, नवीन मेमो येईल.

मग वांद्रे पूर्वेला अनंत काणेकर मार्गावरच्या एसआरए कार्यालयात लेखी तक्रार. २०२३ मध्ये प्राधिकरणानं परिपत्रक काढून बिल्डरांना दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायला आणि पुढच्या वर्षाचे चेक द्यायला सांगितलं. तुमच्या प्रकल्पात ते जमा झालं का, किती, कुणाकुणाला वाटलं, हे माहितीच्या अधिकारात विचारा. १० रुपयांचा अर्ज आहे. भाडं थकवणाऱ्या, काम रखडवणाऱ्या विकासकाला झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली काढताही येतं, पण त्याला एकट्याचं पत्र पुरत नाही, बहुसंख्य सभासदांची उभं राहण्याची तयारी लागते. ‘कळ काढा’ म्हणणाऱ्या पदाधिकाऱ्यांचं स्वतःचं भाडं वेळेवर येतंय का, एवढं हळूच बघा. दर वेळी असं असतंच असं नाही. पण बघा.

कल्याणला आमचा लहान फ्लॅट आहे, तो पुतणीला राहायला दिला. सोसायटी महिना २,००० रुपये ‘टेनंट चार्ज’ आणि सामान नेताना लिफ्टचे ५,००० मागते. द्यावेत का?

नाही. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसेल तेव्हा सोसायटी घेते ते शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. सेवाशुल्क महिना १,२०० असेल तर १२० रुपये. महापालिकेचा कर त्यात मोजायचा नाही. आईवडील, मुलं, भाऊबहीण, नातवंडं राहत असतील तर तेही नाही. पुतणी त्या यादीत बसत नाही, म्हणून तिच्यासाठी १० टक्के द्या आणि पावती घ्या. लिफ्टचे पाच हजार कोणत्या ठरावानं, कोणत्या उपविधीखाली, असं लेखी विचारा. असे बरेचसे आकडे लेखी विचारल्यावर विरघळतात. नाही विरघळले तर उपनिबंधक, सहकारी संस्था.

नवरा सिक्युरिटीत, मी शिवणकाम करते. दोघांचं मिळून वर्षाला साडेचार लाख होतात. एक गृहस्थ म्हणतात, २५,००० द्या, म्हाडाच्या लॉटरीत नंबर लावून देतो.

त्या गृहस्थांना सांगा, नंबर लागत असता तर त्यांनी स्वतःचाच लावला असता. सोडत संगणकावर निघते, म्हाडानं एजंट नेमलेले नाहीत, आणि अनामत रक्कम तुमच्याच खात्यातून ऑनलाइन जाते, नंबर नाही लागला की त्याच खात्यात परत येते. रोख मागणारा प्रत्येक जण फसवतो आहे असं धरून चाला.

मुंबई महानगर प्रदेशात पतिपत्नीचं मिळून वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प उत्पन्न गट. तुम्ही त्यात बसता. खरी तयारी कागदांची: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र, आणि अधिवास दाखला २०१८ नंतर काढलेला, बारकोड असलेला. जुना पिवळा पडलेला दाखला चालत नाही, आणि ऐन जाहिरातीच्या दिवसांत सेतू केंद्रावर गर्दी असते, तेव्हा आत्ताच काढा. शिवणकामाचे पैसे रोख येतात म्हणून दाखल्यात नवऱ्याचंच उत्पन्न लिहायचा मोह होईल. दोघांचं लिहा. पडताळणीत तफावत निघाली तर लागलेलं घर जातं.

घर लागलंच तर पहिली पाच वर्षं विकता येत नाही, आणि भाड्यानं द्यायचं झालं तर म्हाडाची परवानगी लागते.